माणसांसाठी एक मिळवा

शाळेच्या बाईंनी बिल्ला हजेरीच्या वहीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ती शून्य नंबरवाली काही येणार नाही म्हणते." मी प्रोजेक्टरची वायर धरून उभी होते. ती एका ठरावीक कोनात वाकवली तरच पडद्यावर चित्र येतं, आणि चित्र आलं की मला हसऱ्या चेहऱ्यानं बोलायला लागायचं होतं, म्हणून मी नुसतं बरं म्हटलं. दुसऱ्या शनिवारी एखादी मुलगी गळतेच. कुणाचा क्लास असतो, कुणाच्या घरी धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नसतं, कुणाला आपण उगाच हो म्हटलं असं आठवड्याभरात वाटू लागतं. सहा वर्षं मी हे काम करतेय, गळतीचं मला काही वाटेनासं झालंय. पण बाई तिथंच घुटमळल्या. मुलींकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाल्या की तिची आई विचारत होती, परीक्षेत शून्य मार्क पडले होते तर घेतलीत कशाला, बाकीच्यांना हसायला कुणीतरी हवं म्हणून? मी म्हटलं, शून्य कुठले, ती तर पहिली आलीय. बाईंनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मलाही शून्य मार्कच वाटले होते." माझ्या हातातून वायर सुटली आणि पडदा निळा झाला.

गेल्या शनिवारी याच टेबलापाशी उभं राहून मी तीस बिल्ले वाटले होते. निळ्या दोरीचे, आत चिप असलेले, संगणकखोलीच्या दाराला टेकवले की दार उघडतं असे. खोली आमच्या ऑफिसनं शाळेला करून दिलेली. नववीच्या तीस मुली, बारा शनिवार, आणि त्यातल्या निदान दहा जणींनी पुढे हीच वाट धरावी अशी ऑफिसची इच्छा. मी वीस मार्कांची परीक्षा घेतली, मार्कांप्रमाणे यादी लावायला मशीनला सांगितलं आणि ती यादी तशीच छपाईला धाडली. मशीन शून्यापासून मोजतं. त्याच्या लेखी पहिला तो शून्य, दुसरा तो एक. एकोणतीस वर्षं मीही तशीच मोजत आलेय. बिल्ल्यांचं खोकं उघडलं, वरच शून्य दिसला आणि मला काहीसुद्धा खटकलं नाही. उलट घरचं माणूस दिसल्यासारखं वाटलं. नंबर परीक्षेच्या क्रमानं आहेत, एवढं मी मुलींना सांगितलं. त्यातली गंमत नंतर उलगडून दाखवणार होते, की बघा, आमच्यात पहिल्याला शून्य म्हणतात, मग सांगा, आपल्यात पहिली कोण? तेवढ्यात वायर निसटली, ती बसवण्यात दहा मिनिटं गेली आणि गंमत राहून गेली. एक नंबरवाली, जाड चष्म्याची मुलगी, मान ताठ करून बसली होती. शून्य नंबरवालीनं बिल्ला गळ्यात घातला, उलटा केला आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली. बिल्ला उलटा केलेला मी पाहिला होता. दोरीला पीळ पडला असेल असं मला वाटलं.

सगळ्यात लागलं ते हे, की ही चूक मला नवीन नव्हती. मी आयुष्याची एकोणीस वर्षं एकाच प्रोग्रामवर काढली आहेत. दवाखान्यात, कचेरीत माणसं खुर्च्यांवर बसून भिंतीवरच्या लाल आकड्याकडे बघत असतात ना, तो आकडा माझा. आत, मशीनच्या पोटात, सकाळी सर्वांत आधी आलेला माणूस शून्य असतो. पण शून्याचं टोकन कुणाच्या हातात द्यायचं नसतं हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते. एक म्हातारे गृहस्थ ते टोकन मुठीत धरून दुपारपर्यंत बसून राहिले. त्यांचा नंबर पुकारला गेला तरी उठले नाहीत, कारण शून्य म्हणजे आपल्याला नंबर मिळालाच नाही अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांनी तक्रारही केली नाही. त्या दिवशी मी एक ओळ घातली: आकडा दाखवण्याआधी एक मिळवा. आणि पुढेमागे कुणी ती निरुपयोगी समजून खोडू नये म्हणून शेजारी टीप लिहिली: माणसांसाठी. त्यानंतर मी लिहिलेलं बरंच काही काढून टाकलं गेलं, मलाही त्या कामावरून उचलून शाळांकडे वळवलं, पण ती ओळ अजून चालते आहे. आणि मी मात्र तीस मुलींच्या गळ्यात बिल्ले घालताना एक मिळवायला विसरले. मला लाज वाटली. लाज वाटली आणि त्याच वेळी पाय दुखताहेत हेही जाणवत होतं, कारण मी सकाळपासून उभी होते.

वायर पुन्हा वाकवली, चित्र आलं. चार तरुण मुली एका संगणकाभोवती उभ्या राहून खळखळून हसताहेत. संगणकाकडे बघून असं हसलेलं मी इतक्या वर्षांत कुणाला पाहिलेलं नाही. आम्ही जांभया द्यायचो, मान चोळायचो, कधी सकाळपासून छळणारी चूक सापडली की नाकातून एक हुंकार सोडायचो, तोच आमचा आनंद. तो फोटोत येत नाही. मी म्हटलं, मैत्रिणींनो, उद्याचं जग तुमच्या बोटांची वाट बघतंय. हे वाक्य मी किती शाळांत म्हटलंय याची मोजदाद नाही. आता ते माझ्या मदतीशिवाय तोंडातून बाहेर पडतं. तोंड बोलत राहिलं आणि मी मागच्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. मला या कामावर नेमलं तेव्हा ऑफिसचे प्रमुख म्हणाले होते की तुमच्यासारख्या अनुभवी बाईंना बघून मुलींना हुरूप येईल. अनुभवी म्हणजे काय ते मला कळलं. नव्या कामात माझा उपयोग उरला नव्हता आणि घरी पाठवायला मी अजून म्हातारी झाले नव्हते. तरी पहिली दोन वर्षं मी मन लावून बोलले. मुली प्रश्न विचारायच्या, मी रात्री अंथरुणात त्यांची आणखी चांगली उत्तरं शोधायचे. मग कधीतरी हुरूप आटला. कुणी विचारलं की बाई, तुम्हाला हे काम आवडतं का, तर हो म्हणायच्या आधी माझा एक श्वास अडकायला लागला. तो श्वास एखाददुसऱ्या मुलीच्या लक्षात यायचा. शून्य नंबरवालीच्या गेल्या शनिवारी आला असणार, कारण हा प्रश्न विचारून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती.

मधल्या सुट्टीत मी प्रमुखांना फोन केला. ते माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान आहेत, मला मॅडम म्हणतात आणि माझं बोलणं कधीही तोडत नाहीत. फक्त ऐकता ऐकता दुसरं काहीतरी टाइप करत असतात, त्याचा टकटक आवाज येतो. ते म्हणाले, तिसातली एक गेली तर गेली, प्रतीक्षायादीतली पुढची घ्या, सोमवारी दुपारपर्यंत नाव कळवा. मी म्हटलं, नवीन बिल्ले छापून द्या, एकपासून. ते म्हणाले सहा आठवडे लागतील, चिपांची ऑर्डर बाहेर जाते. मी म्हटलं, परीक्षेचे पेपर तरी पाठवा, तिला दाखवते. टकटक थांबली. पेपर कातरून टाकले होते, नियमाप्रमाणे, मार्क भरून झाले की तिसऱ्या दिवशी. "मॅडम, एका मुलीसाठी एवढं?" त्यांनी विचारलं. मी एवढंच म्हटलं की पुढच्या शनिवारपर्यंत तिची जागा कुणाला देऊ नका, आणि हे मी विचारत नाहीये, सांगतेय. अशी मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते बरं म्हणाले.

दुपारी बाईंनी लिहून दिलेला पत्ता घेऊन मी चालत निघाले. बिल्ला पर्समध्ये होता. दुरुस्तीला काढलेला रस्ता, एका कडेनं रचलेल्या फरश्या, झाकण उघडलेल्या खड्ड्याभोवती बांधलेली पिवळी पट्टी. माझ्या मनात तो पेपर होता, कातरून टाकलेला. शेवटचा प्रश्न रांगेचा होता. बारा माणसं गोल उभी आहेत, दर तिसरा बाहेर पडतो, सगळ्यात शेवटी कोण उरेल? बहुतेक मुलींनी माणसांच्या जागी आकडे लिहिले होते, दोघीतिघींनी काड्यांची माणसं काढली होती. हिनं बटणं काढली होती. बारा बटणं गोलात, प्रत्येकाला चार भोकं, आणि बाहेर पडलेल्या बटणातून तिरका दोरा ओढलेला. उत्तर बरोबर होतंच. पण बटणाला चार भोकं काढत बसण्याइतका वेळ जिच्यापाशी उरतो, तिच्या डोक्यात काय चालतं ते मला माहीत आहे. माझ्याही डोक्यात कधीकाळी तसंच चालायचं. लहानपणी बाबा मला पाढे म्हणायला लावायचे, एकावर पूज्य दहा, एकावर एक अकरा. पूज्य म्हणजे देवासारखे ना, मग शून्याला पूज्य का म्हणायचं, असं मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "जो स्वतः काही नसून शेजारच्याचे दहा करतो, त्याला पूज्य नाही म्हणायचं तर कुणाला?" मग शिकायला बाहेर राहिले तेव्हा त्यांना पत्र लिहिताना मी वर पूज्य बाबा असं न लिहिता नुसतं शून्य काढून पुढे बाबा लिहायचे. ते प्रत्येक वेळी हसले असं आई सांगायची. शून्याशी माझं असं लाडाचं नातं. म्हणून तर घात झाला.

आणि तरीही माझ्या लाडाचा शून्य मला एकदा दिसला होता तो लाडानं दिसला नाही. चालता चालता ते आठवलं आणि मी पिवळ्या पट्टीपाशी थांबले. माझी लेक तेव्हा तिसरीत होती. मी घरी काम करत बसले होते, एका दवाखान्यातले आकडे उलटे धावायला लागले होते आणि त्यांचा दर पाच मिनिटांनी फोन येत होता. ती मागून आली आणि माझ्या खांद्यावरून पडद्याच्या कडेला तिनं गणिताचा पेपर धरला. काही बोलली नाही, नुसता धरला. मी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून लाल शाईतला शून्य पाहिला. म्हटलं, "भोपळा का? असू दे. पुढच्या वेळी नीट कर." कागद मागे गेला. तीन दिवसांनी तिचं दप्तर रिकामं करताना तो पेपर माझ्या हातात आला. दहापैकी दहा होते. मला दाखवताना त्यातल्या एकावर तिचा अंगठा आला होता. मी तो कागद हातात धरून उभी राहिले, आता ती खेळून आली की तिला जवळ घ्यायचं असं ठरवलं, आणि फोन वाजला. मग राहून गेलं. राहून गेलेल्या गोष्टीचं असं असतं की दुसऱ्या दिवशी ती सांगायला जरा उशीर झालेला असतो आणि आठवड्यानं ती सांगणं हास्यास्पद होतं. पुढे तिला गणितात नेहमी नऊ पडायचे. तिच्या बाई म्हणायच्या, येतं सगळं, शेवटचं एक राहतं, वेळेचं बघा. मी तिला घड्याळ घेऊन दिलं. दहावीनंतर मी तिला म्हटलं की माझ्या क्षेत्रात ये, तुझं डोकं आहे. ती म्हणाली, "आई, तुझं काम मला माहीतच नाही. मी फक्त तुझी पाठ पाहिलीय." आता ती दुसऱ्या शहरात एका रोपवाटिकेत काम करते, खूश आहे, आठवड्यातून एकदा आम्ही बोलतो. आणि मी गावभरच्या लेकींना या क्षेत्रात या म्हणत फिरते.

मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, आणि दोरीवर दुरुस्तीला आलेल्या पँटी ओळीनं टांगलेल्या, प्रत्येकीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. आई मशीनवर होती, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मुलगी इस्त्री करत होती. मला बघून तिनं इस्त्री उभी केली आणि ती आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. आईनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या, एकेक करून. मी सांगायला सुरुवात केली. वर्गात हेच मी रंगवून सांगितलं असतं. इथं ते जमलं नाही. म्हटलं, चूक माझी आहे. आमच्याकडे मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. तुमची मुलगी सगळ्यांत पहिली आली म्हणून तिला शून्य नंबर मिळाला. वीसपैकी वीस होते. आईनं गळ्यातली टेप हातात घेतली, तिचं पत्र्याचं टोक अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाली, "म्हणजे हे. माप इथून धरायचं, एकापासून नाही. एकापासून धरलं तर बाही तोकडी होते." मी म्हटलं, अगदी तेच. मला इतका सुटल्यासारखा श्वास आला की मी न विचारता स्टुलावर बसले. एकोणतीस वर्षांत मला इतक्या थोडक्यात हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण आईचा चेहरा उजळला नाही. टेप पुन्हा गळ्यात टाकून ती म्हणाली, "ती रडत आली तेव्हा मी काय म्हटलं ठाऊक आहे? असू दे म्हटलं. प्रत्येकाला सगळं थोडंच जमतं. शाळेत जाऊन विचारलं ते हसं का केलं म्हणून. शून्य खरंच होते का, हे नाही विचारलं." ती मशीनच्या चाकावर हात ठेवून खाली बघत राहिली. मुलगी आईकडे बघत नव्हती, इस्त्रीच्या दिव्याकडे बघत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं. असू दे हा शब्द मी माझ्या घरात सोडून आले होते, तो इथं दोन खोल्यांत माझ्यासमोर उभा होता.

मग मुलगी बोलली, दाराशी उभं राहूनच. तिचा आवाज शांत होता. म्हणाली, "तुम्ही आता वर्गात सांगाल ना, की ही पहिली आहे?" मी हो म्हटलं, सगळ्यांसमोर सांगेन, माफी मागेन. "नको," ती म्हणाली. "त्या म्हणतील, घरी जाऊन रडली म्हणून पहिली केली." मी म्हटलं, यादी दाखवते. तर म्हणाली, यादी तुम्हीच केलीत. पेपर असते तर गोष्ट वेगळी. पेपर नाहीत हे मला सांगावं लागलं. तिनं मान हलवली, तिला ते अपेक्षितच असावं. मी म्हटलं, मग बिल्ल्यावर मी कागद चिकटवून देते, दुसरा आकडा घालते. ती म्हणाली, "खाली शून्यच राहील ना." वर्गात तिला भोपळा म्हणायला लागले होते. चिडवून नव्हे, सरळ, नाव असावं तसं. भोपळा, जरा पट्टी दे. तिला त्यातलं सगळ्यात काय लागलं तेही तिनं सांगितलं. कुणालाच ती चूक वाटली नाही. "आणि मलासुद्धा नाही वाटली," ती म्हणाली. "मला सगळी उत्तरं आली होती. तरी मला वाटलं, सगळी चुकली असतील."

खरं सांगायचं तर या क्षणी मला तिला क्लासला परत ये म्हणायचा धीर होत नव्हता. कशासाठी परत ये? पाठ दुखेल, डोळे जातील, ज्या कामावर एकोणीस वर्षं घालशील ते एका सकाळी दुसरं कुणी करू लागेल आणि तुला अनुभवी म्हणतील. ही वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती. पण त्या बटणांना चार चार भोकं होती. तो आनंद खोटा नव्हता, ना तिचा, ना कधीकाळचा माझा, आणि तो तिनं सोडायचा तर कामाला कंटाळून सोडावा, माझ्या चुकीनं नाही. एवढंच मला त्या स्टुलावर बसून पक्कं कळलं. मी तिला म्हटलं, तू गेल्या शनिवारी मला विचारलंस ना, हे काम आवडतं का. मला ते आवडेनासं झालंय. पण तुझी बटणं बघून मला आवडलं होतं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग तिनं विचारलं, दुसऱ्या नंबराच्या मुलीला किती मार्क होते? एकोणीस, मी म्हटलं, ती चष्मेवाली. आणि तिसरीला? चौदा. "म्हणजे जी दुसरी, तिला एक नंबर," ती म्हणाली. मी हो म्हटलं. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "परत परीक्षा घ्या," ती म्हणाली. "सगळ्यांची. पेपर तिथंच तपासा आणि ज्याच्या त्याच्या हातात द्या. मग येते."

तो आठवडा प्रश्न काढण्यात गेला. कितीतरी दिवसांनी मी घरी बसून काहीतरी ओढीनं केलं. शनिवारी वर्गात आधी माझी चूक सांगितली. कुणाचं नाव न घेता, बिल्ले चुकीचे छापले गेले, पहिल्या नंबराला शून्य, दुसऱ्याला एक असं आहे, सगळे परत करा, आज नव्यानं परीक्षा. एकोणतीस मुली एका सुरात कुरकुरल्या. चष्मेवालीनं बिल्ला काढताना दोनदा विचारलं की तो पुन्हा मिळेल ना. दहाला सुरुवात करायची होती. मी दहा वाजून चार मिनिटांपर्यंत पेपर हातात धरून उभी राहिले, दाराकडे बघत. सहाव्या मिनिटाला मी पेपर वाटायला घेतले. ती आली आठव्या मिनिटाला. हातात दप्तर नाही, फक्त एक पेन. मागच्या बाकावर बसली आणि खाली मान घालून लिहायला लागली.

पेपर मी तिथंच, त्यांच्यासमोर तपासले. चष्मेवालीला एकोणीस पडले, पुन्हा. तिसरीला पंधरा. शून्य नंबरवालीचा पेपर मी शेवटी घेतला, जिभेवरचा खाऊ पुरवून खावा तसा. पहिली नऊ उत्तरं स्वच्छ, एक खाडाखोड नाही. शेवटचा प्रश्न याही वेळी रांगेचाच होता, जरा अवघड, मी मुद्दाम तिच्यासाठी काढलेला. त्याखाली जागा कोरी होती. वरच्या कोपऱ्यात एकच बटण काढलेलं होतं, चार भोकांचं, आणि शेजारी अगदी बारीक अक्षरात बरोबर उत्तर लिहून खोडलेलं. प्रश्न दोन मार्कांचा. विसातून दोन गेले, अठरा. एकोणीसच्या खाली, पंधराच्या वर. मी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, हा का सोडलास? "वेळ संपली," ती म्हणाली. तिनं पेपर माझ्या हातात दिला होता तेव्हा अकरा मिनिटं शिल्लक होती. आणि आकडे मीच तिला दिले होते, स्टुलावर बसून. ती दुसरी आली. तिनं एक नंबरचा बिल्ला घेतला, गळ्यात घातला आणि आकडा बाहेरच्या बाजूला येईल असा नीट सरळ केला. शून्याचा बिल्ला चष्मेवालीनं घेतला आणि तो बाकीच्यांना दाखवत सुटली, पहिली मी, शून्य म्हणजे पहिली. भोपळा कुणी म्हणालं नाही. मुलगी पुढच्या बाकावर येऊन बसली आणि पुढचे नऊही शनिवार येणार असं तिनं शाळेच्या बाईंना सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण मला त्या कोऱ्या जागेवरून नजर काढता येईना. ती जागा मी आधी पाहिलेली होती. किती वर्षं, किती पेपरांवर, आणि मी घड्याळ घेऊन दिलं होतं.

मुली गेल्यावर, रिकाम्या वर्गात, मी लेकीला फोन लावला. आमचा बोलायचा वार नव्हता. तिकडे पाण्याचा आवाज येत होता, ती रोपांना पाइपनं पाणी घालत असावी. तिनं काळजीनं विचारलं, बरी आहेस ना. मी म्हटलं, "तू तिसरीत असताना गणिताचा पेपर दाखवला होतास. मी भोपळा म्हटलं. ते दहा होते. मला तीन दिवसांनी कळलं आणि मी तुला सांगितलं नाही." पाण्याचा आवाज चालू राहिला. मग ती म्हणाली की आठवतंय. मी विचारलं, त्यानंतर तुझा शेवटचा प्रश्न नेहमी राहायचा, तो वेळेअभावी ना?

"राहायचा नाही, सोडायचे," ती म्हणाली. "नऊ बरे असतात, आई. एकच आकडा असतो. कसाही धरला तरी अंगठ्याखाली अर्धा जात नाही."

तिनं पाणी बंद केलं. घड्याळ मात्र अजून चालतं, असं म्हणाली, आणि मग जेवलीस का म्हणून विचारलं.